वृंदाला दुखत नाही

डॉक्टर, तुम्ही चुकीच्या बाईला तपासताय.

माझ्या धाकट्या जावेला, वृंदाला, चाळिशीत अचानक काहीच दुखेनासं झालं. अशी केस लाखात एक, असं तुम्ही म्हणालात आणि अख्खी बेलवली तिला बघायला लोटली. सासूबाई तिला शहाळी पाजतात. माझ्या कंबरदुखीला मात्र नाटक म्हणतात.

काल तुम्ही तिच्या दंडात सुई खुपसलीत, तर ती हसली. शेजारच्या स्टुलावर मी कळवळले.

"हिला दुसरीचं कौतुक बघवतच नाही," सासूबाई फणकारल्या.

मी बाही वर केली. दंडावर रक्ताचा ताजा थेंब होता. तुम्ही बोळा तिच्याच कोरड्या दंडावर दाबलात.

उद्या तिच्या पाठीवरची गाठ तुम्ही भूल न देताच कापणार आहात. मग मला भूल कोण देणार, ते आत्ता सांगा.