चाचणीचा गोळा

परदेशात, इल्फर्डच्या फ्लॅटमध्ये कस्तुरी एकटीच राहायची आणि कामही घरूनच करायची. खालच्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या इन्ग्रिडबाई दर रविवारी दुपारी वर येऊन तिला बटाट्याचे जर्मन गोळे शिकवत. आधी एकच गोळा गरम पाण्यात सोडायचा. तो फुटला, तर मिश्रणात स्टार्च कमी पडलं असं समजायचं. "हा पहिला गोळा अखंड वर आला, की माझी शिकवणी संपली," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पाच रविवार गोळा फुटला.

"म्हणे केमिस्ट्रीची एमएस्सी! एक गोळा धड राहत नाही तुझा," इन्ग्रिडबाई हसायच्या.

"तुमचे इथले बटाटेच लबाड आहेत," कस्तुरी म्हणायची. "पुढच्या रविवारी बघा."

मग बुधवारी तिने एकटीने करून पाहिले, तर आठही गोळे अखंड निघाले. ते तिने ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ले. आठवडाभरात तिच्या दाराची बेल वाजायची ती फक्त रविवारी. म्हणून सहाव्या रविवारी तिने वजनकाट्यावर मोजून वीस ग्रॅम स्टार्च कमी घातलं, गोळा पाण्यात सोडला आणि ताटल्या काढायला वळली.



ताटल्या घेऊन ती परत फिरली, तेव्हा इन्ग्रिडबाई पाठमोऱ्या उभ्या राहून मंद गॅस हळूच मोठा करत होत्या. खळखळत्या पाण्यात चांगला गोळाही फुटतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!