दसऱ्याचं विमान

रामप्रसादनं वर्षभर खपून जुन्या लढाऊ विमानाचं हातभर लांब प्लॅस्टिकचं मॉडेल जोडलं. शेवटचा महिना तर ते थेट लढाईवरून आल्यासारखं दिसावं म्हणून ऑइल पेंटनं इंजिनाचा धूर, तेलाचे ओघळ अन् चाकांवरचा चिखल रंगवण्यातच गेला. रविवारी जालन्यात अशा मॉडेलांची स्पर्धा होती.

दसऱ्याला सकाळी झेंडू आणायला निघताना तो आईला म्हणाला, "माय, ट्रॅक्टर अन् मोटरसायकलसंगं माझं विमान बी पूजेला ठेव बरं का."

हार घेऊन तो परतला, तर आई पदराला हात पुसत दारातच उभी.



"ठेवलं बाबा. पण पूजेला असं मळकं कसं ठेवावं? राकेल लावून घासघास घासलं, तव्हा कुठं नव्यासारखं निघालं!"