टीव्ही, एक नग

१९७६ साल. केनवडजवळच्या आमच्या तांड्यात वीज नव्हती. मुंबईला मजुरी करून आलेल्या हेमसिंगनं होळीला चहाच्या रिकाम्या खोक्यात डोकं घातलं, "हा टीव्ही" म्हणाला आणि आमदाराची नक्कल केली, "बंधूंनो, आमी तांड्यातांड्यात लाइट आणला." लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी नकलेची खबर लागून पोलीस जमादार आला. टीव्ही त्यानंही कधी पाहिला नव्हता. त्यानं हेमसिंगला गुरासारखं बडवलं, खोकं उचललं आणि पंचनाम्यात लिहिलं, "टीव्ही, एक नग, जप्त."

सहा महिन्यांनी आम्ही विजेचा अर्ज घेऊन आमदाराकडे गेलो. त्यानं तो पंचनामाच आमच्यापुढे टाकला.



"तांड्यात टीव्ही चालून राह्यला, अन् लाइट नाही मनता?"