निळ्या दाराचं घर

घरात दोघीच बाया, म्हणून विठाबाईनं सुनेला बजावलं होतं, "रेडिओवर जगाशी बोल, पण घर कुटं हाय ते सांगू नगं." चैतालीनं हॅम रेडिओवाल्यांच्या यादीतून पत्ता काढून टाकला. बोलणं झालं की समोरचा आठवणीचं कार्ड पाठवायचा, तेही क्लबच्या पत्त्यावर.

आज सकाळी विठाबाईनं तांबडं दार स्वतः निळं रंगवलं आणि ऐटीत पायरीवर बसली. तेवढ्यात नव्या पोस्टमननं कुणालाही न विचारता तिच्या हातात कार्ड ठेवलं.

"आत्या, मी पत्ता दिला नाही कुणाला."

"माझ्या तोंडावर लिवलंय व्हय? कार्ड वाच."

"निळ्या दाराचं घर, वलवण."

टपालाचा शिक्का मागच्या महिन्याचा होता. विठाबाईच्या नखांतला रंग अजून ओला होता.