साड्यांतला स्टीरिओ

आमच्या शहापूरच्या गल्लीत पहिला स्टीरिओ आला तो ब्याऐंशी साली, यमनाप्पा विणकरांच्या घरी. कुवेतच्या मेव्हण्यानं रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटाएवढे दोन स्पीकर पाठवले होते. पण मोकळ्या खोलीत आवाज घुमायचा. म्हणून यमनाप्पांनी आपल्याच मागावरच्या साड्या भिंतींवर पडद्यासारख्या टांगल्या. रोज संध्याकाळी एखादी साडी बोटभर इकडं, एखादी बोटभर तिकडं सरकवायची आणि खुर्चीत डोळे मिटून ऐकत बसायचं. व्यापारी दारात येऊन बसला तरी भिंतीवरची साडी विकायची नाही.

"गावाला साड्या इणून घालताय," बायको सत्यवती करवादायची, "पर घरची बायकू काय नेसलीया, ते कदी डोळं उघडून बघितलंय का तुमी?"

"बघतो की," यमनाप्पा डोळे न उघडताच म्हणायचे.

एका शुक्रवारी तिला हळदीकुंकवाला जायचं होतं. गाणं रंगात आलेलं, यमनाप्पांचे डोळे मिटलेले. सत्यवतीनं डाव्या स्पीकरमागची हिरवी साडी हळूच ओढून काढली, आत जाऊन नेसली, आणि पदर सारखा करून थेट नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आज बघतात का न्हाय, बघूच.

यमनाप्पांच्या कपाळावर आठी पडली होती.



"हिरवी नेसलीयास व्हय गं?" त्यांनी मिटल्या डोळ्यांनीच विचारलं. "डाव्या अंगाला लई घुमाय लागलंय."