घरचं काहीतरी

"हे नको गं आई. घरचं दे ना काहीतरी."

एकोणचाळीस वर्षांच्या मुलाने लहान पोरासारखं तोंड फिरवलं. आईच्या हातातला चमचा तसाच राहिला. घरचं नाही तर मग काय हॉटेलचं होतं की काय हे? सकाळपासून ओट्याशी उभं राहून तिने भाज्या किसल्या होत्या, भात अगदी मऊ शिजवला होता. दोन बस बदलून, डबा पोटाशी धरून तिने तो हॉस्पिटलात आणला होता. डॉक्टर परवाच म्हणाले होते, आता पथ्य नको, मागेल ते द्या. याचा अर्थ न कळायला ती काही कुकुलं बाळ नव्हती. तेव्हापासून तिने एकच ध्यास घेतला होता. निदान आता तरी आपल्या हातचे चार घास याच्या पोटात जावेत.

नवरा गेल्यावर बावीस वर्षं तिने नूडल्सच्या कारखान्यात पाकिटं भरली होती. बारा तासांची शिफ्ट. स्वयंपाकाला वेळ होता कुणाला?

"अरे, घरचंच आहे हे. मी केलंय," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

खिडकीशी उभ्या असलेल्या सुनेच्या जिवावर आलं, पण ती बोलली. "आई, ते नूडल्सबद्दल म्हणतायत. बरं नसलं की घरचं म्हणून तेच मागतात. मी काहीही करून वाढलं तरी."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. पण आता कसला आलाय मानापमान! ती तडक कँटीनमध्ये गेली. एक पाकीट घेतलं, गरम पाणी मागितलं, तीन मिनिटं तिथेच थांबली. वर येऊन तिने फुंकर मारत पहिला घास भरवला.

चार दिवसांत पहिल्यांदाच त्याने आपणहून आ केला. तीन घास खाल्ले. चौथ्याला चक्क हसला. आईचे डोळे भरून आले. देवा, एवढं तरी जमलं बाबा! ती सरकून पलंगावर बसली आणि त्याच्या केसांतून हात फिरवू लागली. आज तिला कुठेही जायचं नव्हतं.

औषधाच्या गुंगीत त्याने तिचा हात हळूच बाजूला केला.

"झालं माझं, आई. तू जा आता, शिफ्टला उशीर होईल. आज मी रडणार नाही. लाव तू बाहेरून कडी."