आईचा तोल

"बाथरूममध्ये जरा पाय घसरला," असं आईने सांगितलं आणि दिवसभर कॉम्प्युटरला चिकटून बसणारा तिचा मुलगा हादरलाच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं तसं, तो रोज संध्याकाळी तिला बागेत फिरवू लागला. तिने एक पाय उचलला की धीर द्यायला हाही एका पायावर उभा राहायचा. चेंडू झेलायच्या खेळात आईचा चेंडू नेमका लांबच्या झुडपात जायचा. "असू दे गं, जमेल हळूहळू!" म्हणत हा धापा टाकत पळायचा आणि घेऊन यायचा.

काही महिन्यांनी बाई पुन्हा आईला तपासायला आल्या.

"बघा, आई कशी टुणटुणीत झालीय!" असं मोठ्या अभिमानाने सांगून तो चहा टाकायला आत गेला.

आई बाईंच्या कानाशी लागली.


"मला काय धाड भरली होती? साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी व्यायाम त्याला सांगितला होता; पण स्वतःसाठी हा खुर्ची सोडेल तर शपथ!"